लॅपटॉप सुरू होताहोताच रिस्टार्ट होतोय? हात लावण्याआधीची तयारी

लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरायला लागतात, स्क्रीन काळी होते आणि पुन्हा लोगो. चार-पाच वेळा असं झालं की कुणीतरी सांगतं, 'फॉरमॅट मारून टाक.' कृपया लगेच मारू नका. रिस्टार्ट होत राहणारा लॅपटॉप अजून बराचसा जिवंत असतो आणि आतल्या फायलीही बहुतेकदा शाबूत असतात. घाईत उचललेलं चुकीचं पाऊल मात्र त्या घालवू शकतं. म्हणून दुरुस्तीला बसण्याआधी काय जमवायचं, काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने, ते सांगते. विंडोजचा लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवलाय, मॅकचं थोडं पुढे येईल.

आधी कागद, पेन आणि कॅमेऱ्याचा फोन घ्या. बिघाडाची निळी (नव्या विंडोज ११मध्ये काळी) स्क्रीन कधीकधी इतकी झटकन जाते की डोळ्यांना नुसता रंग कळतो. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ लावा, एक पूर्ण फेरी टिपा आणि मग व्हिडिओ पुढेमागे सरकवून खालचा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, वाचा. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' दिसलं तर विंडोजला स्वतःची डिस्कच सापडत नाहीये, एवढं लगेच कळतं. कोड जसाच्या तसा कागदावर उतरवा. शेजारी लिहा, रिस्टार्ट नेमका कुठे होतो. लोगो यायच्याही आधी होत असेल तर संशय रॅम, बॅटरी, चार्जर किंवा मदरबोर्डवर. ठिपके फिरताना होत असेल तर ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम), अर्धवट राहिलेलं अपडेट किंवा डिस्क. पासवर्ड टाकून आत गेल्यावर होत असेल तर आपोआप सुरू होणारा एखादा प्रोग्राम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा उष्णता. आदल्या दिवशी काय झालं होतं तेही आठवून लिहा. नवा अँटिव्हायरस टाकला, रॅम वाढवली, पाणी सांडलं, पिशवी आपटली, काहीही. अर्धं निदान या कागदावरच होतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बिटलॉकरची रिकव्हरी की. बिटलॉकर म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे तिला कुलूप घालणारं, विंडोजचं साधन. ही ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. 'मी तर बिटलॉकर कधी लावलंच नाही' असं बरेच जण म्हणतात, पण हल्लीच्या अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. दुरुस्तीच्या अनेक पायऱ्यांवर, बायोसमधली (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधली) एखादी सेटिंग बदलल्यावरसुद्धा, लॅपटॉप ही की मागू शकतो. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले विंडोज संगणक असेच रिस्टार्ट होत राहिले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. उपाय तसा छोटा होता, सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर विंडोज सुरू करून) एक फाइल काढून टाकायची. पण एन्क्रिप्ट केलेल्या मशीनवर त्या फाइलपर्यंत पोहोचायलाच आधी की लागत होती, आणि ती शोधण्यातच कितीतरी लोक अडकले. तेव्हा फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जा, की शोधा आणि कागदावर उतरवा. एकाहून जास्त की दिसल्या तर की मागणाऱ्या स्क्रीनवरच्या की आयडीशी ताडून पाहा. लॅपटॉप ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर की तिथल्या आयटी विभागाकडे असते, त्यांना आधीच विचारून ठेवा.

पेनड्राइव्ह दोन लागतील. एक रिकामा, किमान ८ जीबीचा. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोजचा सेटअप तयार करायचा. यात पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून आत काय आहे ते आधी बघा. दुसरा मोठा, किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आपला डेटा काढून घ्यायला.

डेटा आधी, दुरुस्ती नंतर, यावर मी अडून बसते. काही वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचा लॅपटॉप असाच अडकला होता. मी सरळ चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासणारं विंडोजचं साधन, चालवलं. डिस्क आधीच मरायला टेकली होती. तपासणी निम्म्यावर असताना ती कायमची बंद पडली आणि तिच्या प्रबंधाची दोन प्रकरणं गेली. अर्धा तास आधी फायली काढल्या असत्या तर ती वाचली असती, हे मला अजून बोचतं. तुम्ही तसं करू नका.

फायली काढायची सोपी वाट अशी. सुरू होण्यात दोन-तीनदा लागोपाठ अडथळा आला की विंडोज सहसा स्वतःहून रिकव्हरीचा निळा मेन्यू उघडतं. नाहीच उघडला तर सेटअपच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून 'रिपेअर'चा पर्याय घ्या. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि मग कमांड प्रॉम्प्ट. 'नोटपॅड' टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. उघडलेल्या त्या छोट्या खिडकीत तुमची सगळी फोल्डर दिसतात. राइट क्लिक करून कॉपी करायची आणि दुसऱ्या ड्राइव्हवर पेस्ट. किती झालं याची पट्टी दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. घाबरून बंद करू नका, एकेक फोल्डर न्या. इथे सी ड्राइव्हचं नाव डी किंवा आणखी काही झालेलं असू शकतं, म्हणून अक्षरावर न जाता आतली फोल्डर ओळखा. डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल तर मात्र हेही नको. लॅपटॉप बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

मग हार्डवेअरची साधी चाचणी. माऊस, डॉक, मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह सगळं काढा. चार्जर काढून पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून बघा. एवढ्यानेही काही लॅपटॉप सुटतात. नाही सुटला तर सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून (कंपनीगणिक बटण बदलतं) बायोसमध्ये जा आणि काहीही न बदलता पंधरा मिनिटं तसाच ठेवा. तिथेही रिस्टार्ट झाला तर विंडोजचा दोष नाही. वीज, उष्णता, रॅम किंवा बोर्डाकडे बघायचं. तिथे टिकला तर हार्डवेअर पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये त्याच्यावर भार कमी असतो, पण सॉफ्टवेअरवरचा संशय बळावतो. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. तिथेच थांबा. चार्ज करू नका, दाबू नका.

उघडायचाच असेल तर बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि कागदावर तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतला बोर्ड दुखावतो. आत गेल्यावर आधी बॅटरीचं कनेक्शन काढा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की जोडलेली असते, तिथे हा उपाय नाही.

हार्डवेअर ठीक वाटलं तर त्याच निळ्या मेन्यूत आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सिस्टम रिस्टोर (विंडोजला आधीच्या स्थितीत नेणं). स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ म्हणजे सेफ मोड आणि ९ म्हणजे बिघाडानंतर आपोआप रिस्टार्ट होणं बंद, म्हणजे बिघाडाची स्क्रीन थांबून राहते आणि निवांत वाचता येते. सेफ मोडमध्ये नीट चालला तर नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा प्रोग्राम काढा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल कागदावर.

मॅकसाठी तयारी तीच, फक्त बिटलॉकरच्या कीऐवजी फाइलव्हॉल्टची (मॅकचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं साधन) रिकव्हरी की किंवा पासवर्ड लागतो. इंटेलच्या मॅकवर सुरू होताना कमांड आणि आर दाबून धरायचं, अ‍ॅपलच्या चिपवर पर्याय दिसेपर्यंत पॉवर बटण.

दुकानात द्यायची वेळ आली तर तो कागद सोबत द्या, पण रिकव्हरी की गरज पडली तरच सांगा. मेमरी कार्ड काढून घ्या, लॅपटॉपचा सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि डिस्क बदलणार असतील तर जुनी डिस्क परत मागा.