कारखान्यात बोट तुटलं, वकील करावा का? (माझा अनुभव)

गोष्ट २०२३ची, भोसरीतली. पॉवर प्रेसवर तर्जनीचं वरचं पेर गेलं. वय तीस, पगार २३ हजार. मालक म्हणाला, वीस हजार घे आणि स्टॅम्पपेपरवर सही कर. एचआर म्हणे, तू ठेकेदाराचा माणूस. हेलपाटे मारून जीव मेटाकुटीला आला.

मग हे या क्रमाने केलं.

आधी पगाराची स्लिप पाहिली. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत असतील तर पैसे ईएसआयकडूनच मिळतात, मालकावर वेगळा दावा चालत नाही. माझा पगार २१ हजारांच्या वर, म्हणून कापत नव्हते. म्हणजे १९२३चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, जो २०२५पर्यंत लागू होता.

मग आकडा काढला. तर्जनीचं एक पेर म्हणजे कमावण्याच्या क्षमतेत ९ टक्के घट. पगार कितीही असो, हिशेबाला जास्तीत जास्त १५ हजार धरत, त्याचे ६० टक्के ९,०००. कायद्याच्या तक्त्यात तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. या दोन्हींच्या गुणाकाराचे ९ टक्के: सुमारे १ लाख ६८ हजार. कुठे वीस हजार!

डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि हजेरीच्या फोटोंसह मालकाला रजिस्टर्ड एडीने नोटीस धाडली. दाव्याची मुदत दोन वर्षं होती.

आकडा मान्य झाला असता तर करारनामा नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवून भागलं असतं, वकील लागला नसता. पण उत्तरात मालकाने मी कामगारच नसल्याचं लिहिलं. असा वाद आला की वकील हवाच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. औद्योगिक कामगाराला तिथे वकील फुकट मिळतो. ठेकेदाराचा माणूस असला तरी मूळ मालक जबाबदार, हा मुद्दा त्या वकिलांनीच मांडला. रक्कम १२ टक्के व्याजासह मिळाली.