सरकारी निधीतून खुली कार्यशाळा: यंत्रांच्या आधी काय ठरवायचं

खुली कार्यशाळा म्हणजे परिसरातल्या कोणालाही येऊन यंत्रं वापरता येतील अशी सामायिक जागा. तिच्या यंत्रखरेदीला एकरकमी निधी मिळतो. तंत्रज्ञाचा पगार, सुटे भाग आणि वीजबिल मात्र पुढच्या वर्षावर ढकललं जातं. सामायिक कार्यशाळांना कुलूप लागतं ते बहुधा यामुळेच. म्हणून प्रस्तावातच पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च मांडा. तो मंजूर होत नसेल तर यंत्रांची यादी कापा, माणूस कापू नका.

ही यादी कॅटलॉग चाळून करू नका. परिसरातले लघुउद्योजक, अवजारं बनवणारे, दुरुस्ती कारागीर, शिक्षक अशा वीस-पंचवीस जणांकडे जाऊन एकच विचारा: मागच्या सहा महिन्यांत कोणतं काम बाहेरगावी पाठवावं लागलं? मोठं यंत्र हवं असं वाटत असतं, पण अडलेलं असतं मोजमाप किंवा चाचणी.

सुरुवातीला लेझर कटर, दोन थ्रीडी प्रिंटर, छोटा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड-प्लास्टिक कोरणारं यंत्र) आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी सोल्डरिंग स्टेशन-ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर दाखवणारं उपकरण) असलेलं टेबल पुरतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून सुरू झालेल्या फॅब लॅबमध्ये, म्हणजे अशाच सामायिक कार्यशाळांत, साधारण सारखीच यंत्रं ठेवतात, म्हणजे एका ठिकाणचं डिझाइन दुसरीकडे बनवता येतं. निविदेत बसवणी, प्रशिक्षण, दोन वर्षांचे सुटे भाग आणि सर्वसामान्य फाइल प्रकार चालण्याची अट घाला. नाहीतर सॉफ्टवेअरची वर्गणी संपली की यंत्रही अडून बसतं.

लेझर कटरकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण नवखे आधी त्याच्याकडेच वळतात. धूर बाहेर टाकणारा पंखा त्याच निविदेत घ्या. धूर नेणारी नळी (डक्ट) आखूड आणि कमी वळणांची हवी. पीव्हीसी, रेक्झिन, व्हिनाइल कधीच कापू देऊ नका: हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसांना इजा होते, रेल आणि बेअरिंग गंजतात. माल ओळखू येत नसेल तर हवेशीर जागी तांब्याची तार ज्योतीचा रंग बदलेनासा होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असल्याची शंका धरा आणि तो माल परत करा.

काप आरपार जाईनासा झाला की लोक पॉवर वाढवतात. बऱ्याचदा दोष लेन्सवर बसलेल्या काजळीचा असतो. ती उष्णता शोषते आणि शेवटी लेन्स तडकते. यंत्र बंद करून लेन्स थंड होऊ द्या, लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्या आणि न दाबता एकाच दिशेने ओढा. दर सोमवारी ३ मिमी प्लायवुडमध्ये ठरलेल्या वेगाने आणि पॉवरने २० मिमीचा चौकोन कापा. तो आपणहून खाली पडला पाहिजे. अडकला तर बुकिंग सुरू करण्याआधी लेन्स, आरसे आणि फोकस तपासा.

कल्पनांची मालकी पहिल्याच दिवशी लेखी ठरवा. अनेक देशांत अर्जाआधी वस्तू जाहीर झाली की पेटंट हातचं जातं, आणि भिंतीवरचा फोटोही जाहीरच. म्हणून खुल्या आणि खाजगी कामाच्या वेळा वेगळ्या ठेवा. खुल्या कामासाठी, म्हणजे डिझाइन इतरांना वापरायला आणि बदलायला द्यायचं असेल तर, सर्न या युरोपीय संशोधन संस्थेचा ओपन हार्डवेअर परवाना, २०२० ची दुसरी आवृत्ती, उपयोगी आहे: बदललेलं डिझाइनही खुलंच ठेवण्याच्या कडक अटींचा, सौम्य अटींचा आणि मोकळा असे तीन प्रकार त्यात मिळतात. कोणता लावायचा ते वापरणाऱ्यानं फॉर्मवर खूण करून सांगावं.

खाजगी कामाचं शुल्क घ्या, पण त्याला मर्यादा हवी. युरोपीय महासंघाच्या सरकारी मदतीच्या नियमांत संशोधन सुविधांचा व्यावसायिक वापर वार्षिक क्षमतेच्या २० टक्क्यांपर्यंत साधारणपणे दुय्यम, म्हणजे मुख्य कामाला जोड, मानतात. तुमच्याकडचा नियम निधी देणाऱ्या खात्याकडून लेखी घ्या. ही टक्केवारी मोजता यावी म्हणून बुकिंगमध्ये प्रत्येक तास खुला की खाजगी याचा रकाना सुरुवातीपासून ठेवा. वर्षाअखेरी आठवून भरलेली नोंद लेखापरीक्षणात टिकत नाही.