ज्वारी काढताना हरणाचं पाडस सापडलं तर

माघ-फाल्गुनात रब्बीची ज्वारी काढायला घेतली की पातीच्या पुढं अचानक पाडस दिसतं. मान भुईला टेकलेली, कान मागं पाडलेले, डोळे टक्क उघडे, आणि हलेल तर शपथ. ते आजारी नसतं. काळविटाची मादी पहिले साधारण 2 आठवडे पिलाला असंच लपवून चरायला जाते, पाजण्यापुरती येते. रानात माणसं असेपर्यंत ती फिरकत नाही. म्हणून "आई टाकून गेली" हा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.

विळा थांबवा. पाडसाभोवती 10-12 फूट ज्वारी उभी ठेवा आणि पात दुसऱ्या टोकाला न्या. राखणीचं कुत्रं सगळ्यात आधी बांधा. फोटोसाठी घोळका नको. दिवस मावळायच्या आत रान मोकळं करा, सकाळी लांबूनच पाहा. पाडस जागेवर नसेल तर आईनं हलवलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मग राहिलेली ज्वारी काढा.

हार्वेस्टर येतोय किंवा बांधाला आग लागलीय, तरच उचला. हाताला ज्वारीचा पाला चोळा, दोन्ही हात पोटाखाली घाला आणि 20-30 पावलांच्या आत शेजारच्या उभ्या पिकात ठेवा. हाताचा वास लागला की आई पिलू घेतच नाही, हे खरं नाही. लांब नेलं तर मात्र तिला ते सापडत नाही.

घरी नेऊ नका. म्हशीच्या दुधानं हगवण लागते, उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. त्यातून जगलाच तर माणसाळलेला नर मोठेपणी शिंगं रोखून माणसावरच येतो. शिवाय काळवीट 1972 च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची 1 मध्ये आहे. पाळणं गुन्हा आहे. हरणांनी हरभरा खाल्ल्याचा राग रास्त आहे, पण त्याचा पंचनामा वेगळा मागायचा.

जखम, अळ्या, अंगावर मुंग्या, दिवसभर ओरडत फिरणारं पाडस, किंवा आई विहिरीत नाहीतर रस्त्यावर मेलेली, असं काही दिसलं तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा. माणसं येईपर्यंत पोतं अंथरलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा, डोळ्यांवर सुती फडकं टाका. तोंडात पाणी ओतू नका. पायही बांधू नका: धडपडीनं आणि धास्तीनं स्नायू निकामी होतात, वरून धड दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनी दगावतं. कुत्र्याचा चावा केसांखाली बारीक दिसतो, आत खोल असतो. हळद भरून सोडून देऊ नका.