वॉल्विस बे ते सँडविच हार्बर: आधी ओहोटी बघा, मग गाडी काढा

नामिबियातल्या वॉल्विस बे गावातून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटरवर सँडविच हार्बर आहे. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला थेट पाण्याला भिडलेल्या वाळूच्या टेकड्या आणि मधे जेमतेम गाडीपुरती पट्टी. भरतीत ही पट्टी पाण्याखाली जाते, त्यामुळे निघायची वेळ भरतीपत्रक ठरवतं.

दोन ओहोट्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अरुंद भागात पाणी उतरत असतानाच शिरावं आणि पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात तिथून बाहेर पडावं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला पट्टी छान रुंद होते, पण भरतीचं पाणी टेकडीच्या पायाशी येतं. चुकायला वाव नाही. तिथीवरून वेळ काढायचा कोकणातला हिशोब इथे लावू नका, वॉल्विस बे बंदराचं पत्रकच पाहा.

वाटाड्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: नामिब-नौक्लुफ्ट उद्यानाचा परवाना आहे का, त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे, आणि बरोबर दुसरी गाडी असेल का. ओहोटीची वेळ झटकन सांगता आली नाही तर दुसरा माणूस शोधा. भाड्याच्या गाडीच्या विम्यात वाळू आणि समुद्राच्या पाण्याचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं. करार नीट वाचा. शंका असेल तर वाटाड्याच्याच गाडीत बसा. इथे वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पण त्या सवयीचा फायदा डांबरी रस्त्यापुरताच.

स्वतः चालवणार असाल तर डांबर संपताच टायरची हवा ३० पीएसआयवरून १२ ते १५ वर आणा. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगते. दहाच्या खाली गेलात तर वळताना टायर रिममधून निसटू शकतो. मग फोर व्हील ड्राइव्ह, मऊ वाळूत लो रेंज (कमी वेग, जास्त जोर देणारा गिअर), आणि एकसारखा वेग. थांबताना ब्रेक दाबू नका, चाकांपुढे वाळूचा बांध होतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी आपोआप थांबते. थांबाल ते उतारावर, गाडीचं तोंड खाली करून.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू घट्ट असते, आडोशाची भुसभुशीत आणि तीव्र उताराची. माथ्याच्या पलीकडे काय आहे ते वाटाड्याने पायी पाहिल्याशिवाय ओलांडू नका. उतरताना नाक सरळ खाली, पहिला गिअर, ब्रेक नाही. मागचं चाक घसरू लागलं तर हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. गाडी आडवी झाली की उलटते. सकाळी धुक्याने ओलावलेली वाळू दबून बसलेली असते, दुपारी तीच मोकळी होते.

रुतलात तर चाकं गरगर फिरवू नका, प्रत्येक फेरीला गाडी आणखी खाली बसते. आल्या चाकोरीनेच मागे येऊन पाहा. जमलं नाही तर फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा, फळ्या सारा, हवा आणखी थोडी सोडा. ओढायचा पट्टा टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीही अडकवू नका; हा गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो.

मिठागरांजवळची पांढरी, सपाट जमीन फसवी आहे: वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल. तिथे फक्त जुन्या चाकोरीवरून जा. लगूनवरचे फ्लेमिंगो दुर्बिणीतून पाहा. नारा फळाच्या काटेरी झुडपांवरून गाडी घालू नका, त्यांवर इथल्या टोपनार समाजाच्या कुटुंबांचा हक्क आहे आणि पोटही.

वेळ उरला तर उत्तरेला स्वाकोपमुंडला जा. १९०५ सालचं वोरमानहाउस ही जुनी जर्मन इमारत सगळेच दाखवतात. वाटाड्याला मुद्दाम स्मशानभूमीकडे न्यायला सांगा: १९०४ ते १९०८ च्या जर्मन नरसंहारात मेलेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या निनावी थडग्यांचे मातीचे उंचवटे तिथे आहेत. त्यांवरून चालू नका.

डांबरावर येण्याआधी कॉम्प्रेसरने हवा पुन्हा भरा. कमी हवेवर वेगाने गेलं तर टायर तापून फुटतो. आणि त्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, मीठ रात्रभर राहिलं तर गंज धरायला सुरुवात होते.