लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करताय? आधी खाली पाट ठेवा

वर्क फ्रॉम होमवाले आणि पोरंपोरी रोज तासन्‌तास लॅपटॉप उघड्या मांडीवर घेऊन बसतात, आणि मग काही आठवड्यांनी मांडीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग दिसायला लागतात. चटका बसल्यासारखं काही होत नाही, म्हणून कोणी लक्षच देत नाही, पण रोजच्या त्या मंद उष्णतेनेच कातडी खराब होते. त्यात जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, मशीन आधीच तापलेलं असतं.

उपाय घरातच आहे.

1. जेवायला बसायचा लाकडी पाट मांडीवर आडवा घ्या, त्यावर लॅपटॉप. लाकडातून उष्णता लवकर खाली उतरत नाही. उशी किंवा गोधडी नको, हवा जायची जाळी बंद होते आणि मशीन अजून तापतं.
2. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बाटलीची दोन सारखी झाकणं ठेवा, खालून हवा खेळते.
3. चार्जिंग चालू असताना तर मांडीवर घेऊच नका, तेव्हा जास्त तापतो, सरळ टेबलावर ठेवा.

डाग नवे असतील तर उष्णता बंद केल्यावर हळूहळू फिके होतात, त्याला काही महिनेही लागतात, धीर धरा. तोवर घासू नका आणि लिंबू वगैरे तर अजिबात चोळू नका.

फक्त एक, डाग जातच नसेल, किंवा तिथं जखम, गाठ, खडबडीतपणा आला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.