टीम अडकली की आधी ब्रीफ उघडा

एकटा कॉपीरायटर ‘काही सुचत नाहीये’ म्हणाला, तर त्याला खाली टपरीवर चहाला पाठवा. सगळी टीमच तसं म्हणू लागली, तर ब्रीफ, म्हणजे जाहिरात कोणासाठी आणि कशाची ते सांगणारा कागद, मागवा. लोअर परळमधल्या जाहिरात एजन्सीत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत ठाम झालंय: पाच जणांची डोकी एकाच आठवड्यात बंद पडत नाहीत. त्यांना दिलेला प्रश्नच धड नसतो.

गणपतीच्या जाहिरातींवर आम्ही जूनमध्येच बसतो. एकदा उकडीच्या मोदकांच्या तयार पिठाचं काम आलं. ब्रीफमध्ये ग्राहक कोण, तर ‘आधुनिक पण परंपरा जपणारी तरुण गृहिणी’. ही बाई मुंबईत नक्की राहते कुठे? मला तरी ती डोंबिवली फास्टमध्ये कधी भेटलेली नाही. तिच्यासाठी कोण काय लिहिणार? अशा वेळी सर्व्हिसिंगच्या, म्हणजे क्लायंटशी बोलून ब्रीफ आणणाऱ्या माणसाला समोर बसवून तीनच गोष्टी विचारायच्या. हे पीठ नसेल तर ती आज काय करते? पीठ घ्यायला तिला काय आडवं येतं? जाहिरात पाहून तिने नेमकं काय करायचं? उत्तर ‘अवेअरनेस’ असं आलं, तर पुन्हा विचारायचं. तो वैतागेल. वैतागू दे.

आमचं गाडं पहिल्याच उत्तराने हललं. ती दुसऱ्या ब्रँडचं पीठ घेत नव्हतीच. दादरला एकवीस मोदकांची ऑर्डर देऊन मोकळी होत होती. म्हणजे स्पर्धा तयार मोदकांशी होती आणि अडसर भीतीचा: घरात पाहुणे, आरतीची वेळ झालेली, आणि पारी फाटली तर? ब्रीफमधला तो परिच्छेद खोडून एवढंच लिहिलं, ‘तिला पारी फाटायची भीती वाटते.’

यानंतर लगेच कॉन्फरन्स रूममध्ये घुसू नका. ब्रेनस्टॉर्मिंग, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कल्पना काढणं, रुजवलं ते अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरातवाल्यानेच. ‘बीबीडीओ’ या एजन्सीच्या नावातला ‘ओ’ त्याचा. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं गेलं, तेव्हा वेगवेगळं बसून विचार केलेल्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा जास्त भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी त्याचं मोठं कारण दाखवलं: दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आपलं सुचलेलं अडतं. आपल्याकडे त्यात आणखी एक भर. क्रिएटिव्ह डायरेक्टरची भुवई. ती जरा वर गेली की ज्युनिअर मंडळी वही मिटतात.

म्हणून आधी अर्धा तास गप्प लिहायचं. फोन ड्रॉवरमध्ये, हातात कोरे ए-फोर कागद. ‘परंपरेची चव’, ‘आईच्या हातची आठवण’ वगैरे जे सगळ्यांनाच सुचणार ते पहिल्या पाच मिनिटांत उतरवून फळ्यावर टांगायचं आणि त्यावर काट मारायची. ते मनात ठेवलं तर वाट अडवून बसतं. मग कागद पिसायचे आणि दुसऱ्याचा कागद तिसऱ्याने वाचायचा. कोणाचं काय ते विचारायचं नाही. मी स्वतः क्रिएटिव्ह डायरेक्टर असले तरी सगळ्यात शेवटी बोलते, आणि भुवया जागेवर ठेवते.

तरीही कागद कोरेच राहिले, तर माल कमी पडतोय. इथे बहुतेक टीम पिंटरेस्ट उघडतात. मग दर गणपतीत त्याच झेंडूच्या माळा आणि तीच पितळेची समई. त्यापेक्षा फोन करा. ‘मोदक कसे करतेस?’ असं आईला विचारलंत तर ती पाककृती सांगेल. ‘शेवटचे कधी फसले?’ असं विचारा. आमच्या आर्ट डायरेक्टरची मावशी त्यावर खूप हसली. म्हणाली, “अगो, कळ्या पडेनात, सारण बाहेर आलं, मग उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्या उकडल्या नि कुणाला कळू दिलं नाही.”

त्यातून ओळ निघाली: ‘यंदा निवगऱ्या मुद्दाम कराव्या लागतील.’ ज्यांच्या घरी उकड काढतात त्यांना समजावून सांगावं लागत नाही, आणि पीठ कोणासाठी आहे तेही ठरून जातं. क्लायंटच्या दिल्लीच्या साहेबांना निवगरी म्हणजे काय ते सांगायला मात्र एक अख्खी स्लाइड लागली.

आणि एक. टीम रोज शेवटच्या कर्जत लोकलने घरी जात असेल, तर वरचं काहीही चालणार नाही. ते अडकलेले नाहीत, दमलेले आहेत. सर्व्हिसिंगला क्लायंटकडून एक दिवस मागायला सांगा आणि पोरांना सात वाजता घरी सोडा. दुसऱ्या दिवशी आलेल्या कागदांतून दोनच कल्पना क्लायंटला दाखवायच्या डेकमध्ये घाला. सात घातल्यात, तर क्लायंट सातांचे तुकडे जोडून आठवी बनवेल आणि टीम पुन्हा सोमवारी तिथेच बसलेली असेल.