सातारा-सांगलीहून गुलमर्गला: स्कीइंगची निवांत सहल

सगळ्यात आधी तारखा, कारण सहल बिघडते ती बहुतेक तिथेच. नाताळात गुलमर्गला गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात, बर्फाचा मात्र भरवसा नसतो. काश्मीरचा कडाक्याचा काळ, चिल्लई कलां, २१ डिसेंबरला सुरू होऊन चाळीस दिवस चालतो. तरीही २०२४ चा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून फेब्रुवारीचा पहिला-दुसरा आठवडा धरा आणि हॉटेल पैसे परत मिळण्याच्या अटीवरच घ्या. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर यंदा विषय सोडा.

जाऊन-येऊन आठ दिवस हवेत. पुण्याहून विमानाने श्रीनगर, पहिली रात्र तिथेच. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, गुलमर्ग २,६५० वर, म्हणजे जवळपास दुप्पट. थेट वर गेलात तर पहिली रात्र डोकेदुखीत जाऊ शकते. श्रीनगर ते गुलमर्ग अंतर पन्नासेक किलोमीटर. पायथ्याच्या टंगमर्ग गावानंतरचा घाट बर्फात साध्या गाडीला झेपत नाही. चाकांना साखळ्या लावाव्या लागतात किंवा तिथली फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना जोर मिळणारी) गाडी घ्यावी लागते. त्याचे पैसे कोणी द्यायचे हे ड्रायव्हरशी श्रीनगरातच बोलून घ्या, टंगमर्गला पोचल्यावर नाही.

तयारी सहा आठवडे आधीपासून. साताऱ्यात अजिंक्यतारा, मिरजेकडच्यांना दंडोबा. चढण्यापेक्षा सावकाश उतरण्याला महत्त्व, कारण स्कीइंगमध्ये मांड्यांना तेच काम पडतं. शिवाय भिंतीला पाठ टेकून, खुर्चीत बसल्यासारखं तीस सेकंद थांबायचं, असं रोज चार वेळा.

कपड्यांत सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड घामाने भिजतं आणि अंगावर गार पडतं. जत-आटपाडीकडचा धनगर पावसात घोंगडं का घेतो? लोकर ओली झाली तरी ऊब धरते. तेच तत्त्व इथे: आत थर्मल, मध्ये लोकरी किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट-पॅंट. हातमोजे मात्र दोन जोड न्या, एक भिजतोच. बर्फावरून ऊन परतून येतं, त्यामुळे गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही.

आता बूट. स्की, काठ्या, हेल्मेट सगळं तिथे भाड्याने मिळतं, पण वेळ द्यायचा तो बुटांना. त्यांचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी. घरीच मोजून ठेवा. आत उंच, पातळ मोजा, एकच. थंडी म्हणून दोन घातलेत तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गारठतात. थर्मलची कड बुटाच्या वर राहू द्या, नाहीतर नडगी सोलवटते. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत. टाच उचलली जात असेल तर माप मोठं आहे. शिकाऊ माणसाला हनुवटीपर्यंतची स्की पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजन, उंची आणि बुटाच्या लांबीप्रमाणे लावलेलं आहे ना, हे दुकानदाराला विचाराच. ते फार घट्ट असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

नोंदणीकृत प्रशिक्षक घ्या. मुलांना सकाळी दोन तास, मोठ्यांना तीन; दुपार मोकळी. पहिला धडा थांबण्याचा: स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली. मुलांना यालाच पिझ्झा म्हणून शिकवतात. भीतीने मागे रेललात की पुढच्या टोकांवरचं वजन जातं आणि स्की ऐकेनाशी होते. नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली हवी. पडायचंच तर कुशीवर, चढाच्या बाजूला. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तेव्हा स्की ठेवून द्या.

तो दिवस गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा. तिकिटं ऑनलाइन, आधीच काढावी लागतात. आजी-आजोबा आणि लहानग्यांना पहिला टप्पा, कोंगडोरी, भरपूर झाला. अफरवट डोंगरावरचं दुसऱ्या टप्प्याचं स्टेशन चार हजार मीटरच्या जरा खाली आहे. तिथे धाप लागते.

खिशात तासगावचे बेदाणे आणि भाजके शेंगदाणे असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, घरात एक तरी पोस्टपेड हवं. विमा घेताना स्कीइंगची दुखापत त्यात धरली आहे का ते वाचा. पुष्कळ पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

शेवटची रात्र पुन्हा श्रीनगरला. विमानतळावर तपासण्या बऱ्याच, तीन तास आधी पोचा. आणि परतीचं श्रीनगर-दिल्ली-पुणे तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळी काढलीत आणि बर्फामुळे पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्याचे पैसेही जातात.